नकाशा चालू राहतो कशाने?

(उचगाव, ता. करवीर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमता, त्यांनी या गावातल्या मुलांना भूगोल शिकवला. त्यामुळे संयोजकांनी नकाशा हा विषय सुचवला तेव्हा मी आनंदाने होकार दिला. मात्र नकाशा कसा काढतात यावर मी आज फारसे बोलणार नाही. नकाशा काढून झाला, यंत्र आले, उद्घाटनाचा नारळ फुटला, प्रशिक्षण संपले, त्यानंतर काय होते यावर मला बोलायचे आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या प्रत्येक संस्थेत माहितीची आणि नकाशाची नवी साधने आली. ग्रामपंचायत असो, साखर कारखाना असो, दूध संघ, वीज कंपनी, भूमी अभिलेख कार्यालय किंवा पाटबंधारे खाते असो, संगणक आले, जीपीएस आले, उपग्रहाची चित्रे आली, आता ड्रोन आले. पाच वर्षांनी जाऊन पाहावे तर एका कार्यालयात तेच साधन रोजच्या कामात इतके मुरलेले असते की ते बंद पडले तर काम थांबते. दुसऱ्या कार्यालयात त्याच किमतीचे, त्याच बनावटीचे साधन कपाटाशेजारी झाकून ठेवलेले असते. दोन्हीकडची माणसे सारखीच शिकलेली, दोन्हीकडे शासनाचा आदेश एकच. मग फरक कशाने पडतो?

अभ्यासकांनी या प्रश्नाचा बराच मागोवा घेतला आहे. पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मांडले की संस्था एकमेकींसारख्या होत जातात त्यामागे तीन दाब असतात: वरची सक्ती, शेजारच्या संस्थेचे अनुकरण आणि त्या व्यवसायातल्या शिकलेल्या माणसांचा आग्रह. आपल्याकडे साधने येतात ती बहुतेक याच वाटांनी. मंत्रालयातून आदेश येतो, शेजारच्या तालुक्यात झाले म्हणून आपणही करतो, किंवा नवा अभियंता आल्या आल्या मागणी करतो. पण हे झाले साधन येण्याचे कारण. ते चालू राहण्याचे कारण निराळे असते, हे अनोल भट्टाचार्जी यांनी 2001 मध्ये फार स्पष्टपणे मांडले. सुरुवातीला बाळगलेली अपेक्षा प्रत्यक्ष वापरात खरी ठरली का, त्यातून समाधान मिळाले का आणि ते अजून उपयोगी वाटते का, यावर माणूस ते साधन पुढे वापरतो की सोडतो, असे त्यांचे म्हणणे.

हे मला पटते, पण पुरेसे वाटत नाही. कार्यालयात साधन वापरणारा एक असतो आणि त्याचा परिणाम भोगणारा दुसराच असतो. कारकून समाधानी असेल आणि शेतकरी हवालदिल. म्हणून मी या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहतो. नकाशातली चूक ज्याला सोसावी लागते, त्याला ती दाखवता येते का? दाखवली तर ती कुणाच्या तरी हातून खरोखर दुरुस्त होते का? जिथे हे घडते तिथे नकाशा टिकतो, कारण तिथे लोकच संस्थेला तो वापरायला लावतात. हे माझे आजचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी मी आपल्याच मुलखातली उदाहरणे घेणार आहे.

पहिले उदाहरण जुने आहे, पण त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर ज्या मोजणीच्या पोटातून आला तिची ही गोष्ट आहे.

पेशवाई संपल्यावर दख्खनचा सारा कसा ठरवायचा हा कंपनी सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. 1827-28 च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या हुशार अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी हाती घेतली. रिकार्डोच्या अर्थशास्त्राचा त्याच्यावर प्रभाव होता. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत एकूण किती पिकते, त्यातून नांगरट, बियाणे, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करून निव्वळ किती उरते, हे काढायचे आणि त्या उरलेल्यातला 55 टक्के वाटा सरकारचा, अशी त्याची रीत. कागदावर यापेक्षा न्याय्य काही सुचणे कठीण. पण हे हिशेब इतके गुंतागुंतीचे होते की शेतकऱ्याला ते तपासता येत नव्हते आणि वरच्या साहेबालाही नाही. खालच्या कारकुनांनी आकडे हवे तसे फिरवले. त्यातच धान्याचे भाव पडले. सारा पेलेना म्हणून इंदापूरकडच्या लोकांनी जमिनी टाकून दिल्या, आणि ती सगळी मोजणी बाजूला ठेवावी लागली.

1835 मध्ये गोल्डस्मिड हा अधिकारी इंदापुरात आला आणि विंगेट हा लष्करी अभियंता त्याच्या जोडीला. या दोघांनी प्रिंगलच्या तत्त्वज्ञानाचा नादच सोडला. निव्वळ उत्पन्न काढायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्याऐवजी शेत साखळीने मोजायचे आणि मातीची प्रत डोळ्यांनी, हातांनी पाहायची. पावणेदोन हात खोल, चांगली एकसारखी काळी माती असेल तर ती सोळा आण्यांची. खोली कमी तसे आणे कमी. वाळू मिसळलेली असेल, चुनखडी असेल, उतार असेल तर तो दोष धरून प्रत खाली उतरवायची. असे नऊ वर्ग, शेवटचा दोन आण्यांचा. दर तीस वर्षांसाठी कायम, आणि त्या काळात शेतकऱ्याने विहीर पाडली किंवा ताल घातली तरी त्यापायी सारा वाढणार नाही. 1847 च्या संयुक्त अहवालात ही सगळी पद्धत नियमबद्ध झाली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात तीच चालली.

अर्थशास्त्राच्या कसोटीवर ही रीत प्रिंगलपेक्षा ओबडधोबड होती. तरी ती टिकली आणि तिच्या खुणा आजही आपल्या दप्तरात आहेत. का टिकली, याचा मी खूप विचार केला आहे. माती किती खोल आहे हे पाहायला कुदळ पुरते. अमुक शेत बारा आण्यांचे धरले आणि माझे वाटते दहाचे, तर मी चार माणसांना बोलावून खड्डा खणून दाखवू शकतो. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर: हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तोंडपाठ होता. आमच्याकडे आजही म्हातारी माणसे पावलांनी गुंठा सांगतात. शेताच्या कोपऱ्यात दगड रोवला आणि त्या खुणा जपण्याची जबाबदारी ठरवून दिली. आजच्या जमीन महसूल संहितेतही ती जमीनधारकावर आहेच. थोडक्यात, ज्याच्यावर सारा बसणार त्याला ती मोजणी तपासता येत होती, तिच्याशी भांडता येत होते. प्रिंगलच्या मोजणीशी भांडायला केंब्रिजचे शिक्षण लागले असते.

आणि भांडणाला कागद होता. आपल्या भूमी अभिलेखाच्या कचेरीत जा. टिपण, गुणाकार बुक, आकारबंद, फाळणी, कमी-जास्त पत्रक, ही नावे ऐकून तरुण मुलांना कंटाळा येतो. पण कमी-जास्त पत्रक म्हणजे काय, याचा विचार करा. मूळ नकाशात बदल होणारच, वाटण्या होणारच, रस्ता जाणारच, हे गृहीत धरून तो बदल नोंदवण्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेली जागा. नकाशा करणाऱ्यांनी तो एकदाच पूर्ण होईल असे कधीच मानले नव्हते. दुरुस्ती हा त्या पद्धतीचाच एक अवयव होता.

कोल्हापूरच्या बाबतीत इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दप्तर कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न शाहू महाराजांनी ऐरणीवर आणला. गावचे सगळे कागद वंशपरंपरेने कुलकर्ण्याच्या घरी असत. 1918 मध्ये महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. त्या निर्णयाच्या सामाजिक बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. माहितीच्या बाजूने पाहिले तर तो निर्णय तितकाच मोठा दिसतो. वतनदाराने नोंद चुकीची केली तर रयतेने दाद कुणाकडे मागायची? तो तर पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणार. पगारी नोकराची तक्रार करता येते, त्याची बदली होते, त्याचे दप्तर दुसरा तपासतो. लेखणी तीच, कागद तोच, पण रयतेला चूक दाखवायला दार उघडले. मी याला आपल्या जिल्ह्यातली माहिती तंत्रज्ञानाची पहिली मोठी सुधारणा मानतो.

आता अलीकडे येऊ. जगभरातल्या अभ्यासकांनी ज्याचा अभ्यास केला असा एक प्रयोग आपल्या जिल्ह्यात, वारणानगरला झाला. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला वारणेचा सहकारी संसार आपणा सर्वांना माहीत आहे: साखर कारखाना, दूध, बँक, शाळा-कॉलेजे, बाजार. 1998 मध्ये पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प ठरला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, त्यात होते. खर्चात केंद्राचा, राज्याचा आणि वारणा समूहाचा वाटा होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे जोडायची, गावोगावी संगणक केंद्रे उघडायची, आणि शेतकऱ्याला तिथे बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, जमिनीचे उतारे, मुलांच्या शिक्षणाची माहिती असे सगळे मिळायचे. तो काळ आठवा. आपल्या खेड्यांतल्या बहुतेकांनी इंटरनेट हा शब्दही ऐकला नव्हता. देशभरातून माणसे वारणेला पाहायला येत.

पुढे काय झाले? त्या अनेक सेवांपैकी बहुतेक मागे पडल्या. पण केंद्रे बंद पडली नाहीत. ती उसाच्या कामासाठी चालू राहिली. उसाची नोंद कधीची, तोड कधी येणार, ऊस किती टन भरला, खत किती उचलले, बिलात किती कापले, हे शेतकरी गावातल्याच संगणकावर पाहू लागला. त्याआधी त्यासाठी कारखान्याच्या शेती कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागत, नाहीतर तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या शब्दावर विसंबावे लागे.

काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेचे लोक वारणेला आले. त्यांनी पाहिले की एवढा संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती, आणि त्यावरून जाते काय, तर काही अंक आणि एक खाते नंबर. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि तीच देवघेव एसएमएसवर करून दाखवली. लोकांना ते अधिक आवडले. 2007 मध्ये त्यांनी हा प्रयोग ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने प्रसिद्ध केला.

या प्रकल्पावर लिहिणारे काही जण त्याला फसलेला म्हणतात, काही यशस्वी. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. तिथे काय टिकले आणि काय गळाले, यात फार मोठे शिक्षण आहे. बाजारभाव चुकीचा दाखवला तर शेतकरी कुणाला जाब विचारणार? पीकसल्ला चुकला तर? त्या माहितीच्या मागे उत्तर देणारे कुणी उभे नव्हते. उसाचे तसे नव्हते. शेतकऱ्याने वजनकाट्यावर स्वतः ऊस नेला होता. संगणकावरचा टनाचा आकडा आणि त्याच्या खिशातली पावती जुळली नाही, तर तो दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात उभा राहणार, आणि तिथे भागले नाही तर कारखान्याच्या वार्षिक सभेत बोलणार. तो सभासद आहे, मालक आहे. तोडीची क्रमपाळी डावलली गेली तर उसाचे वजन घटते, खोडव्याला उशीर होतो, वर्षाचा हिशेब बिघडतो. इतकी पोटातली गोष्ट असल्यामुळे तो माहिती तपासत राहिला, आणि तो तपासत राहिला म्हणून कारखान्याला ती बरोबर ठेवावी लागली. संगणक गेला, मोबाईल आला, आता स्मार्टफोन आला. यंत्रे बदलली, पण नोंद, तोड, वजन आणि बिल यांची ती देवघेव चालूच आहे.

आज अनेक कारखाने उसाची नोंद घेताना शेताभोवती फिरून मोबाईलवर क्षेत्र मोजतात, लागणीची तारीख, जात, आडसाली की सुरू, हे सगळे त्याच वेळी भरतात. कारखान्याला गाळपाचा अंदाज हवा असतो, ही त्यांची गरज. शेतकऱ्याला आपल्या तारखेची नोंद पक्की हवी असते, ही त्याची गरज. दोन गरजा एकाच नोंदीत भेटल्या की त्या साधनाला कुणी हलवू शकत नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या जिवाशी आलेली गोष्ट, पंचगंगेचा पूर.

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी ही कोल्हापुरातली सर्वांत जास्त वापरली जाणारी माहिती असेल, असे मला वाटते. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पावसाळ्यात घरातली आजी सकाळी विचारते, बंधारा किती झाला? नदी पात्राबाहेर पडल्याची बातमी आली की प्रत्येक गल्लीला, प्रत्येक मळ्याला आपला स्वतःचा आकडा ठाऊक असतो: इतके फूट झाले की आमच्या कोपऱ्यावर पाणी, इतके झाले की जनावरे हलवायची, इतके झाले की शिरोलीजवळ महामार्ग बंद. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो आकडा 55 फूट 7 इंचांवर गेला, 2021 च्या जुलैत 56 फूट 3 इंचांवर. दोन्ही वेळा आपल्या गावाशेजारून जाणारा महामार्ग बंद पडला, आणि कोल्हापूर म्हणजे बेट झाले, हे आपण पाहिले आहे.

त्याच 2019 च्या पुरात हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने रडार उपग्रहांच्या चित्रांवरून पाण्याखालच्या प्रदेशाचे नकाशे काढले. ढगांच्या आड असलेली जमीन रडारला दिसते. म्हणून ते काम फार मोलाचे, आणि त्या शास्त्रज्ञांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरी पुरात माणसाने काय पाहिले? बंधाऱ्याचा आकडा. कारण तो आकडा त्याने आपल्या दाराशी आलेल्या पाण्याशी वर्षानुवर्षे ताडून पाहिला होता. उपग्रहाचा नकाशा त्याला कधी तपासायला मिळाला नव्हता. माझ्या घराच्या जागी नकाशात निळा रंग आहे आणि पाणी तर पायरीपर्यंत आलेच नाही, असे त्याने सांगितले तर ऐकून घ्यायला कुणी बसलेले नव्हते.

पूररेषेचे तसेच झाले आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. या रेषा किती लोकांच्या घराचे, प्लॉटचे, कर्जाचे भवितव्य ठरवतात! माझे म्हणणे असे की 2019 आणि 2021 मध्ये प्रत्येक गल्लीत पाणी कुठवर आले याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या आहेत. त्या खुणा गोळा करून रेषेशी ताडून पाहाव्यात. जिथे जुळतात तिथे रेषेवर लोकांचा विश्वास बसेल. जिथे जुळत नाहीत तिथे अभियंत्याला कारण शोधावे लागेल: भराव पडला का, नाला बुजवला का, नवा रस्ता पाण्याला आडवा आला का. ही ताडणी वरचेवर होत राहिली तर पूररेषेचा नकाशा कचेरीच्या भिंतीवर लटकून राहणार नाही, दर पावसाळ्याआधी तो खाली काढला जाईल.

सातबाऱ्याचे संगणकीकरण हा आपल्या राज्यातला सर्वांत मोठा माहितीप्रकल्प म्हणता येईल. सुमारे अडीच कोटी सातबारे. हाताने लिहिलेल्या दप्तरातून संगणकावर नेताना चुका झाल्या, आणि त्या होणारच होत्या. नाव चुकले, क्षेत्र चुकले, इतर हक्कातला बोजा राहून गेला. त्यावर शासनाने एक जुनाच उपाय केला, तो मला फार आवडला. 2017 च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन झाले. चावडीत लोकांसमोर सातबारे मोठ्याने वाचायचे, आणि ज्याचे चुकले त्याने तिथेच सांगायचे. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती करायची. इतक्या आधुनिक यंत्रणेला चावडीची गरज पडली, हे तिचे उणेपण मानू नका. ज्या वर्षी चावडीत वाचन झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1 मे 2018 पासून, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. आज बँक तो मान्य करते, तलाठी कार्यालयातली रांग कमी झाली. चावडीतले ते वाचन झाले नसते तर त्या सहीवर लोकांनी किती विश्वास ठेवला असता, याची मला शंका आहे.

ई-पीक पाहणीची वाटचाल पाहा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर करायची, असे ठरले. पहिल्या वर्षी तक्रारी भरपूर. रेंज नाही, फोटो चढत नाही, आणि चुकून कापसाच्या जागी सोयाबीन भरले तर बदलता येत नाही. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली तेव्हा नोंद केल्यापासून 48 तासांत ती एकदा स्वतः दुरुस्त करण्याची सोय त्यात केली, आणि ठराविक नोंदींची तलाठ्याने जाऊन पडताळणी करावी असे ठरले. नव्या सुविधांच्या यादीत ही दुरुस्तीची सोय खूप खाली लिहिलेली होती. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होती.

आता उचगावकडे येतो. हे गाव शहराच्या कडेला आहे, आणि शहराच्या कडेचा नकाशा सर्वांत लवकर जुना होतो. शेजारच्या वळिवड्याचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात 1943 पासून तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हजारो माणसे तिथे राहिली. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसले. आज ते कापडाची मोठी बाजारपेठ आहे. एका माणसाच्या आयुष्यात त्या जमिनीने तीन वेगवेगळी कामे केली. उचगावातही ऊस होता तिथे प्लॉट पडले, प्लॉट होते तिथे गोदामे आली. गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, नोटरीच्या कागदावर विकल्या गेल्या, आणि गुंठेवारीचा कायदा 2001 मध्ये आला तोवर कितीतरी घरे उभी होती. मूळ गट एकच, त्यात पन्नास कुटुंबे, आणि नकाशात अजून एक रिकामे शेत!

याच मुलखावर किती कार्यालयांचे नकाशे आहेत ते मोजा. भूमी अभिलेखाचा गटनकाशा, ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी, वीज कंपनीच्या खांबांचा, पाणी योजनेच्या नळांचा, राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनाचा, आणि 2017 मध्ये कोल्हापूरभोवतीच्या 42 गावांसाठी झालेल्या नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा. हद्दवाढीच्या चर्चेत उचगावचे नाव येते तेव्हा महापालिकेचाही. प्रत्येक नकाशा त्या त्या कार्यालयाच्या गरजेने काढलेला आहे. खोदकामासाठी रस्ता उखडताना पाण्याची वाहिनी फुटते, कारण खोदणाऱ्याच्या नकाशात ती नसते आणि वाहिनीच्या नकाशात तो रस्ता नसतो. याचा त्रास सोसतो तो नळाला पाणी न आलेला माणूस, आणि त्याला यातला एकही नकाशा पाहायला मिळालेला नसतो.

सरकारचा पैसा नकाशाच्या खरेदीला मिळतो, देखभालीला मिळत नाही. एका कार्यालयात मी स्वतः पाहिले आहे: ड्रोनने काढलेला सुंदर नकाशा, प्रत्येक छप्पर मोजता येईल इतका स्पष्ट. तीन वर्षांनी गेलो तर तोच नकाशा, तीच छपरे. मधल्या काळात तिथे दोनशे घरे वाढली असतील. नकाशा सांभाळणारा मुलगा कंत्राटी होता, मुदत संपली आणि तो पुण्याला गेला. साहेबांची बदली झाली. नवे घर नकाशात चढवणे हे कुणाचेच काम नव्हते. घरमालकाला वाटले आपले घर नोंदले जावे, तर अर्ज कुणाला करायचा हे कुणालाच सांगता आले नाही. मला त्या मुलाची आजही हळहळ वाटते. त्याने खूप मन लावून काम केले होते.

24 एप्रिल 2020 पासून गावठाणातल्या घरांच्या मोजणीची केंद्राची स्वामित्व योजना आहे. आपल्या राज्यात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. गावठाणातल्या घराला मालमत्ता पत्रक मिळणे ही मोठी गोष्ट आहे. शेताला सातबारा होता, घराला फक्त ग्रामपंचायतीचा उतारा होता, आणि त्यावर कर्ज मिळवणे अवघड होते. आता सनद हातात येते. पण ती हातात आल्यावर भावांत वाटणी होईल, मागच्या बाजूला खोली चढेल, शेजाऱ्याशी दोन फुटांचा वाद निघेल. त्यानंतर ते पत्रक किती सहजपणे बदलता येते, यावर पुढच्या पंचवीस वर्षांत लोक ते सांभाळतील की पेटीत टाकतील, हे ठरेल. भूमी अभिलेखाकडे आता रोव्हर आहेत, उपग्रहाच्या साहाय्याने काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने हद्द कायम होते. शंकू-साखळीच्या काळाशी तुलना केली तर हे विलक्षण आहे. मात्र मोजणीच्या दिवशी बांधावर शेजारी हजर असणे, त्याला मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत वाचता येणे, हरकत घेता येणे, हे जुन्या काळाइतकेच आवश्यक आहे. सेंटिमीटरची अचूकता बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दिसली पाहिजे, तरच तो बांध कोरायचा थांबेल.

म्हणून उचगावच्या ग्रामपंचायतीला आणि इथल्या तरुणांना माझी एक विनंती आहे. चावडी वाचनात आपण सातबारे वाचले, तसा गावाचा नकाशा वाचावा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या ग्रामसभांपैकी एक त्यासाठी राखून ठेवा. पावसाळ्याच्या आधीची 1 मे सर्वांत योग्य. भूमी अभिलेख, वीज कंपनी, पाणीपुरवठा, प्राधिकरण, ज्यांचे ज्यांचे नकाशे आहेत त्यांना त्या दिवशी नकाशा घेऊन यायला लेखी कळवा. भिंतीवर पडदा लावा, नकाशा दाखवा, आणि एकेक गल्ली घ्या. कुणाचे घर चुकले, कुठला नाला बुजला, कुठे खांब हलला, 2021 चे पाणी आपल्या शिवारात कुठवर आले, जे जे लोक सांगतील ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नोंदवहीत उतरवावे. प्रत्येक नोंदीसमोर दुरुस्ती करणाऱ्या कार्यालयाचे नाव आणि तारीख लिहावी. पुढच्या वर्षी 1 मेला आधी ती नोंदवही वाचावी, मग नवा नकाशा. ज्यांच्या नोंदी दुरुस्त झाल्या नसतील त्यांनी उभे राहून तसे सांगावे.

शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना या कामात घ्या. मोबाईलवर जागा टिपणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते, आणि आजोबांना जुना ओढा कुठून जात होता हे विचारायलाही त्यांना संकोच वाटत नाही. पहिल्या वर्षी गावठाण आणि महामार्गालगतचा एकच भाग घ्या, सगळे शिवार एकदम हाती घेऊ नका. पहिल्या वाचनाला बोलावलेत तर मी जरूर येईन, आणि सोबत गावाच्या मोजणीचा जो जुना नकाशा मिळेल त्याची मोठी प्रत घेऊन येईन.